साबणावरचे ठसे

आमच्या घरातला कपड्याचा साबण कधी कोरा नसायचा. वडीवर कुठे पान असायचं, कुठे घोड्याची नाल, कुठे कुणाच्या नावाची दोन इंग्रजी अक्षरं. ठसा कापून झाला की मी तो पहिल्यांदा साबणावर दाबून पाहायची. नीट उठला की ती वडी मोरीत जायची आणि दोन-तीन धुण्यांत पान, नाल, अक्षरं सगळं फेसाबरोबर निघून जायचं. चार वर्षं असंच चाललं. साबणावर चांगलं उठलं म्हणजे काम चांगलं, असं मी धरून चालले होते.

मी पितळेचे ठसे करते. चामड्याच्या पाकिटावर नाही तर पट्ट्यावर दाबलेली खूण असते ना, ती उठवायचा ठसा. बोटाएवढा पितळेचा तुकडा, एका टोकाला उलटं चित्र, दुसऱ्या टोकावर हातोडी मारायची. ज्याला जी खूण पाहिजे ती तो कागदावर पाठवतो. मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून ती उलटी काढून आणते, पितळेवर चिकटवते आणि खुणेच्या बाजूचं सगळं कापून टाकते. इंग्रजी अक्षरं मला उलटीच ओळखीची. दुकानाच्या पाटीवर सुलटी दिसली की जरा थांबावं लागतं.

हे काम मला माझ्या मिस्टरांनी शिकवलं. ते हिंगण्याला एका कारखान्यात साचे करतात, सकाळी कंपनीच्या बसने जातात. त्याआधी मी नागपूरच्या इतवारीत डाळीच्या गोदामात निवडायला जायची. पन्नास बायका गोल करून बसायच्या आणि सतत बोलायच्या. मी बोलत नसे म्हणून माझ्यावर बोलायच्या. मुकादम मोठ्याने हाक मारायचा तेव्हा माझ्या हातातलं सूप हलायचं. घरी आल्यावरही तो आवाज डोक्यात असायचा. मिस्टरांनी समोरच्या खोलीत खिडकीपाशी एक टेबल ठोकून दिलं, त्यावर तुकडा आवळून धरायला वाईस बसवला, कानशी आणि छिन्न्या दिल्या, दातांच्या डॉक्टरकडे असते तशी एक लहान हातमोटर दिली. त्या टेबलापाशी बसून मला कुणाशी बोलावं लागत नाही. गिऱ्हाईक फोनवर असतं आणि फोनवर मिस्टर बोलतात.

पण घर सासूबाईंच्या नावावर आहे. सासरे गिरणीत होते, त्यांनी आणि सासूबाईंनी विटा डोक्यावर वाहून ते बांधलं. टेबल आलं त्या दिवशी सासूबाईंनी पितळेवरून हात फिरवला, बरं आहे म्हणाल्या, आणि विचारलं की हे कशावर मारतात. मिस्टरांनी चामड्यावर असं सांगितलं तेव्हा त्यांनी हात काढून घेतला.

"पितळ आन, लोखंड आन," त्या म्हणाल्या. "कातडं ह्या घरात येणार नाही. ज्या दिवशी येईन त्या दिवशी हे टेबल बाहेर."

का, ते मी विचारलं नाही. आमच्या वस्तीत ते कुणालाच विचारावं लागत नाही. त्यांचे वडील गावात मेलेली ढोरं ओढायचे, त्यांची कातडी काढायचे. मग नागपूरला येऊन दीक्षा घेतली आणि ते काम सोडलं. सोडलं म्हणून गावाने त्यांना मजुरी दिली नाही, पाणी भरू दिलं नाही. सासूबाई तेव्हा सात वर्षांच्या होत्या. हे सगळं मला मिस्टरांनी लग्नानंतर दोन वाक्यांत सांगितलं होतं. सासूबाईंच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नव्हतं. आमच्या घरात चामड्याची चप्पलसुद्धा नाही, सगळ्यांच्या रबराच्या.

तेव्हा चामड्यावर मारायचा ठसा चामड्यावर पाहायचा नाही, अशी माझी रीत झाली. आधी कणकेवर पाहिलं. कणीक फुगून वर येते, खूण अर्ध्या तासात जाते. मेणबत्ती वितळवून थापली, तिचे तुकडे पडले. साबण चांगला निघाला. जरा ओला करून हलक्या हाताने दाबला की केसाएवढी रेषही उठायची. मी खूश झाले. सासूबाईही खूश होत्या. शेजारच्या बायकांना साबणाच्या वड्या दाखवायच्या.

मॅडमची ऑर्डर उन्हाळ्याच्या तोंडाशी आली. त्या वर्धा रोडकडे राहतात आणि घरीच बॅगा, पाकिटं शिवतात. मी त्यांना पाहिलेलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडून आधी सात-आठ लहान ठसे घेतले होते, कुणाची अक्षरं, कुणाचं फूल. या वेळी मिहानमधल्या एका ऑफिसला डायऱ्यांची कव्हरं द्यायची होती आणि प्रत्येकावर त्या ऑफिसची खूण पाहिजे होती. वर्तुळात झाड, झाडाला बारीक पानं. एवढा मोठा ठसा मी कधी केला नव्हता. पानं मोजली तर एकेचाळीस.

नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत मला धड बसवत नव्हतं आणि उठवतही नव्हतं. पोळी लाटताना एखादं पान आठवायचं, हात पुसून टेबलाशी जायची, भिंगातून पाहायची, परत पोळीशी. दोन पोळ्या जळल्या की सासूबाई आतून म्हणायच्या, "झाडाले पानी घालून आली का?"

ठसा झाला आणि साबणावर दाबला तेव्हा एकेचाळीस पानं उठली. मिस्टरांनी वडी खिडकीत धरून पाहिली आणि काही न बोलता परत ठेवली, म्हणजे त्यांना आवडली. सासूबाईंनी ती वडी आठ दिवस वापरली नाही. "हे झाड धुवाले जीव होत नाही वं," म्हणाल्या.

ठसा मॅडमकडे गेला. तिसऱ्या दिवशी फोनवर त्यांचा बोललेला निरोप आला. मिस्टर कामावर होते, ठशांचा फोन घरीच होता. फोन घेऊन मी मोरीत गेले, दार लावलं आणि कानाला लावला. ताई, ठसा बसत नाही, असं त्या म्हणत होत्या. मधली पानं नीट उठतच नाहीत, सगळा चिखल दिसतो. बाहेरचं वर्तुळ चामडं कापतं. मी ठसा परत पाठवते, सोबत चामड्याचे दोन-तीन तुकडे ठेवते, तुम्हीच मारून पाहा म्हणजे कळेल. मला शनिवारी पाहिजे. नसेल जमत तर तसं सांगा, राग नाही, मी बाहेरून मशीनवर करून घेते.

त्यांचा आवाज गोड होता. मी तो निरोप परत परत ऐकला. ठशात खोट आहे याचं वाईट वाटायला हवं होतं, पण मला एकच वाक्य ऐकू येत होतं, सोबत चामड्याचे तुकडे ठेवते. लगेच फोन केला असता तर त्या थांबल्या असत्या. मी अंगठ्याने अक्षरं शोधून लिहिलं, "तुकडे नको". मग वाटलं, का नको असं विचारतील. ठसे करणारी बाई आणि चामडं नको म्हणते. काय सांगणार होते? मी ते दोन शब्द पुसले. परत लिहिले, परत पुसले. तोवर त्यांनी कुरिअरच्या पाकिटाचा फोटो पाठवला, पाकीट गेलं होतं.

संध्याकाळी मिस्टरांना सांगितलं. ते जेवत होते. म्हणाले, ऑर्डर सोडून दे, दुसरी येईल. मी म्हटलं, दुसरीलाही साबणावरच पाहणार ना मी. ताटावरून उठताना ते हळूच म्हणाले, "आईच्या हाती नको लागू देऊ फक्त."

बुधवारी पाकीट येणार होतं. मी सकाळपासून फाटकाशी होते. अंगण झाडलं, सडा टाकला, परत झाडलं. फाटकाची कडी ढिली वाटली म्हणून हातोडी आणून ती ठोकली. रस्त्यावर मोटारसायकल वाजली की मान वर व्हायची. सासूबाई ओट्यावर बसून हे सगळं पाहत होत्या.

"आज अंगण काहून इतकं घासून राहिली? कोनी येऊन राहिलं का?"

मी नाही म्हटलं. मी खोटं बोलले की माझी मान गरम होते, ते त्यांना माहीत आहे.

साडेबाराला मागच्या बाजूला नळ आला. नळ अर्धा तास असतो. मी तीन बादल्या आणि पिंप भरून येईपर्यंत वीस मिनिटं गेली असतील. पुढे आले तर सासूबाई फाटकाशी उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात खाकी पाकीट होतं. त्यांनी ते नाकाशी नेलं नव्हतं. दोन्ही हातांत सपाट धरलं होतं, गरम ताटली धरावी तसं, आणि हात अंगापासून लांब होते. वास मला पाच पावलांवरून येत होता. मला वाटलं नव्हतं की बंद पाकिटातून इतका येईल.

त्यांनी पाकीट कंपाउंडच्या भिंतीवर ठेवलं. वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर अर्धी वीट ठेवली.

"तुह्यं पाकीट आलं," म्हणाल्या आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

टेबल बाहेर काढ, असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर निदान मी काहीतरी केलं असतं. मी ओट्यावर उभी राहिले. आत टेबल दिसत होतं, बाहेर भिंतीवर पाकीट दिसत होतं. पाकीट अजून घरात आलं नव्हतं. भिंत घरात धरायची का? अंगण? मी असा विचार करत होते, आणि मला माझीच लाज वाटत होती, कारण त्या आत भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

दोन वाजता मी टेबलावरून हातोडी घेतली, पूर्वी केलेला एक लहान पानाचा ठसा घेतला, सगळं भाजीच्या पिशवीत टाकलं, भिंतीवरचं पाकीट उचललं आणि फाटक उघडून निघाले. घरात नाही तर बाहेर कुठेतरी मारून पाहायचं, एवढंच ठरवलं होतं.

हातोडी मारायला जागा शोधायला लागले तेव्हा कळलं की बाईमाणसाला अशी जागा नसते. पाण्याच्या टाकीखाली दगड होता, पण तिथे माणसं पत्ते खेळत होती. शाळेच्या मागे ओटा होता, तिथे बायका बसल्या होत्या, त्यातली एक म्हणाली, भाजी कुठून आणली. मी पिशवी पोटाशी धरून पुढे गेले. बांधकाम चाललेल्या एका इमारतीपाशी सिमेंटचा ठोकळा पडला होता. मी इकडे तिकडे पाहून खाली बसले, चामड्याचा तुकडा काढला, ठोकळ्यावर ठेवला, आणि हातोडी उचलली तेवढ्यात तिथला चौकीदार पत्र्याआडून आला.

"काय फोडून राहिल्या बाई?"

मी काही नाही म्हटलं.

"सुपारी असंन तर मलेही द्या."

ऊन डोक्यावर होतं आणि माझ्या अंगाला घाम सुटला होता. मी तिथून उठले. शेवटी वस्तीच्या मागे मोकळी जागा आहे, तिथे नाल्याचे मोठे पाईप पडले आहेत, त्यातल्या एकाच्या आडोशाला बसले. तुकडे जाड होते, बिस्किटाच्या रंगाचे, एका बाजूने गुळगुळीत. मी आयुष्यात पहिल्यांदा चामड्यावर ठसा ठेवला आणि मारला.

झाड उठलं नाही. वर्तुळ तेवढं एका बाजूने उठलं, तेही सुरी फिरवल्यासारखं. परत मारलं. तिसऱ्यांदा जोरात मारलं तर वर्तुळ आरपार कापलं गेलं आणि मध्ये काही नाही. मग मी लहान पानाचा ठसा ठेवून मारला. असेच ठसे मी चार जणांना विकले होते. पुसट, ओळखू न येणारी एक पुळी उठली. म्हणजे झाडच चुकलं असं नव्हतं. चार वर्षं मी जे जे पाठवलं ते असंच उठलं असेल, आणि लोकांनी तोंडावर सांगितलं नसेल. मॅडमनीसुद्धा. मला साबणावर खूण उठवता येत होती, बस.

मला पुन्हा डाळीचं गोदाम दिसलं. सूप, गोल, मुकादमाचा आवाज. मी तुकडे पिशवीत भरले आणि घरी आले. येताना इतक्या भराभर चालले की पायातून चप्पल निघाली.

सासूबाई उठून ओट्यावर बसल्या होत्या. मी फाटकातून आत आले आणि पाकीट परत भिंतीवर ठेवायला गेले. पण पिशवीतून तुकडे काढताना एक निसटून खाली पडला, ओट्याच्या पायरीजवळ. त्यावर तिन्ही वेळचे घाव होते. तो उचलायलाही मला सुचलं नाही. सासूबाईंनी वाकून पाहिलं.

"कोरड्यावरच ठोकलं काय?"

मी हो म्हटलं.

"मंग कसं उठन?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या, तुकड्याकडे पाहत होत्या.

"पानी लाव त्याले," त्या म्हणाल्या.

मी तुकडा घेऊन पिंपाकडे धावले आणि तो पाण्यात बुडवणार तेवढ्यात त्या ओट्यावरून म्हणाल्या की बुडवू नको, बुडवलं तर फुगंन. त्या आत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात त्यांच्या जुन्या लुगड्याचं फडकं होतं आणि पाण्याचा लोटा. फडकं ओलं करून त्यांनी घट्ट पिळलं, माझ्याकडे टाकलं, आणि त्यात गुंडाळ म्हणाल्या. स्वतः हात लावला नाही. मी पायरीवर बसून दुसरा, कोरा तुकडा गुंडाळला. एक मिनिट थांबून उघडायला लागले.

"थांब ना वं. तुले दम नाही."

मला दम नव्हताच. मी फडक्यावर बोटं आपटत बसले. फाटकावर एक खारूताई येऊन गेली. शेजारी कुकरच्या शिट्या झाल्या, मी त्या मोजल्या. सासूबाई गुडघ्यांवर हात ठेवून बसल्या होत्या, मान खाली. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मग त्यांनी उघड म्हटलं. तुकडा गडद झाला होता, चहासारखा. मी ठसा उचलला तर त्यांनी मान हलवली. अजून नाही, म्हणाल्या. रंग परत येऊ लागला पाहिजे. वरून आधीसारखं फिकट दिसायला लागलं पाहिजे आणि आत ओल राहिली पाहिजे.

"ते कसं समजंन?"

"गालाले लावून पाह्य. थंड लागलं पाहिजे."

मी लावला. थंड होता की नाही ते मला कळेना, माझा गालच तापलेला होता. दोनदा लावला. मी काय करू, असं माझ्या चेहऱ्यावर असावं. सासूबाईंनी हात पुढे केला. मी तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो पालथा केला, अंगठ्याने कडेवर दाबला, आणि गालाला लावला. डोळे मिटले नाहीत, समोर रस्त्याकडे पाहत होत्या. तुकडा गालालाच राहिला. मी म्हटलं, "आई." त्यांनी ऐकलं नाही.

मग त्यांनी तो खाली घेतला आणि मांडीवर ठेवला.

"माह्या बापाजवळ ओल्या वाद्या राहत," त्या म्हणाल्या. "बैलाच्या जुवाले बांधाच्या. कातड्याच्या लंब्या पट्ट्या. असाच फडक्यात गुंडाळून ठेवे. मी त्याच्यावर पैसा दाबत होती. तेव्हा भोकाचा पैसा राहे. गोल उठे, मधात बारका गोल. वाळलं की तसंच राहे."

मी विचारलं, वडील रागवायचे का.

"रागवे. मंग हासे. लोकायच्या बैलायवर माह्यं गोल फिरे गावभर." त्यांनी मांडीवरचा तुकडा सरळ केला. "दीक्षा घेऊन आला अन् सुरी नदीत फेकली त्यानं. वाद्या फेकल्या. गोलवाली बी फेकली."

मी ठसा पदराला पुसला.

"बरं केलं त्यानं," सासूबाई म्हणाल्या, मी काही उलटं म्हटल्यासारखं. "लै बरं केलं. मार आता."

मी पायरीच्या दगडावर तुकडा ठेवला, ठसा धरला आणि एकदाच मारला. उचलला तर झाड होतं. बुंधा स्वच्छ होता, फांद्या होत्या. आणि आता खोटही स्वच्छ दिसत होती. बाहेरच्या बाजूची पानं बरी होती पण मधली पंधरा-वीस एकमेकांत मिसळली होती, कारण पानांच्या मधली जागा मी पुरेशी खोल कापलीच नव्हती. साबणाला तेवढी खोली पुरत होती. चामडं वर फुगतं, त्याला जाऊन बसायला आत जागा लागते. आणि वर्तुळाची कड मी कानशीने धारदार ठेवली होती, कारण साबणावर धारदार कड छान दिसते. चामड्यात ती पात्यासारखी जात होती. मग लहान पानाचा ठसा मारला. तो चांगला उठला. लहान ठसे बरे होते. माझ्या छातीतून इतका मोठा श्वास निघाला की सासूबाईंनी वर पाहिलं.

त्यांनी तुकडा एकदा हातात घेतला, मधल्या पानांवर नख फिरवलं आणि परत दिला. मग उठून मोरीत गेल्या. मला पाण्याचा आवाज येत राहिला. त्यांनी हात धुतले, थांबल्या, परत धुतले. तिसऱ्यांदा धुतले तेव्हा मी दारापर्यंत गेले आणि तिथूनच मागे फिरले. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या बोटांना साबणाचा वास होता आणि मोरीत झाडाची वडी ओली होती, तीच वडी जी त्या आठ दिवस वापरत नव्हत्या. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. भूक नाही म्हणाल्या.

मिस्टरांना मी झालं ते सगळं सांगितलं. वाद्यांचं आणि पैशाचंही. ते म्हणाले, मला हे कधी सांगितलं नाही आईने. त्यांना वाईट वाटलं की काय ते मला कळलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी मला कडेची धार मारायची रीत दाखवली, आधी तेल लावलेला घासायचा दगड, मग बारीक पॉलिश पेपर पाण्यात बुडवून. एवढंच.

गुरुवारी आणि शुक्रवारी मी मधली पानं खोल केली. एका पानाच्या बाजूचं पितळ काढायचं, उठायचं, पायरीवर जायचं, गुंडाळलेला तुकडा उघडायचा, गालाला लावायचा, मारायचा, पाहायचं, परत आत यायचं. टेबल आत, चामडं बाहेर. त्या दोन दिवसांत मी उंबरठा किती वेळा ओलांडला असेल. सासूबाई माझ्या येण्याजाण्यात मध्ये बसलेल्या असायच्या आणि पाय आखडून वाट द्यायच्या. बोलत नव्हत्या. मी आत जाताना हात पुसायची, त्यांच्या समोर पुसायची, म्हणजे त्यांना दिसावं. त्यांना ते आवडत होतं की मी नाटक करते असं वाटत होतं, मला माहीत नाही. एका बाजूने माझा जीव पानांत होता, दुसऱ्या बाजूने त्यांच्या गप्प बसण्यात. एक पान माझ्या हातून तुटलं. चाळीस राहिली. मॅडमना ते मी स्वतः बोलून सांगितलं, फोनमध्ये निरोप भरून, पहिल्यांदा. तीन वेळा पुसून चौथ्यांदा पाठवलं. त्या म्हणाल्या, चालेल ताई, कोण मोजणार आहे.

शनिवारी सकाळी एक गाडीवाला येऊन ठसा घेऊन गेला. दुपारी फोटो आला. तपकिरी कव्हराच्या कोपऱ्यात झाड, स्वच्छ, कड कुठे कापलेली नाही. मी फोटो मोठा करून मधली पानं पाहिली. मग फोन सासूबाईंपुढे धरला. त्यांनी चष्मा लावला, पाहिलं, आणि चष्मा काढला.

मी विचारलं, टेबलाचं काय करू.

प्रश्न तोंडातून निघाल्यावर मला वाटलं, का विचारलं. त्या बोलल्या नसत्या तर तसंच चाललं असतं. पण ते माझ्याच्याने सहन होत नव्हतं, रोज सकाळी उठून आज म्हणतील का, उद्या म्हणतील का. सासूबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी आणखी दोन पाकळ्या सोलल्या.

"कातडं आत नाही येणार," त्या म्हणाल्या.

"नाही आनत."

"मंग टेबल कशाले हलवतं?"

तेव्हापासून भिंतीपाशी बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा असतो, पावसात भिजू नये म्हणून त्यावर फरशी ठेवलेली. मॅडमकडून येणारे चामड्याचे तुकडे त्यात. साबण आता कोरा असतो. शेजारणी विचारतात, खुणा का नाहीत, तर सासूबाई त्यांना काय सांगतात ते मी ऐकलेलं नाही, कारण मी तेव्हा आत निघून जाते.

सासूबाई माझ्याशी आधीसारख्या बोलतात, पोळीवरून टोमणे मारतात. पण कधी कधी पायरीवर मी हातोडी मारत असते आणि त्या उठून मागच्या अंगणात जातात, आणि तिथे काही काम नसतं. मला तेव्हा हातोडी थांबवावीशी वाटते. थांबवत मात्र नाही. त्यांच्या वडिलांनी जे नदीत फेकलं ते मी त्यांच्या पायरीवर आणून ठेवलं का, हा विचार माझ्या डोक्यात येतो. पानं कापताना येतो, म्हणून पानं कापायला मला आता जास्त वेळ लागतो.

गेल्या आठवड्यात मॅडमची नवी ऑर्डर आली, मोराची. काल मोर कापून झाला. आज सकाळी मिस्टरांची बस गेल्यावर मी पहिला घाव मारून पाहायला बाहेर आले, फरशी बाजूला केली आणि डबा उघडला. वरचा तुकडा लुगड्याच्या ओल्या फडक्यात गुंडाळलेला होता, घट्ट पिळलेल्या. मी तो ओला केला नव्हता. उघडला तर रंग परत यायला लागला होता. गालाला लावला, थंड लागला. या वेळी मला कळलं.

मी वळून पाहिलं. सासूबाई आत तांदूळ निवडत होत्या, माझ्याकडे पाठ करून. मी पायरीवर बसले, मोर ठेवला, आणि हातोडी उचलून पुन्हा एकदा आत पाहिलं.